पाणी, अग्नी, काठी आणि दिशा
(अरण्यवासी भिक्खूंच्या राहणीचा इतिहास)

विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त आम्ही हे चार शब्द उपासक-उपासिकांपुढे ठेवीत आहोत. आम्ही काही पंडित नाही. साचेखात्यात बदली कामगार म्हणून लागलो, पाळी संपल्यावर वाचनालयात बसून जे हाती लागले ते वाचले. चूकभूल द्यावी घ्यावी.

विषय थोडा वेगळा आहे. स्मरणिकेत नेहमी धम्मदीक्षा, पंचशील, बाबासाहेबांचे कार्य यावर लेख असतात, आणि ते असलेच पाहिजेत. पण भगवंतांचा संघ सुरुवातीला रानात, डोंगरात, झाडाखाली राहत होता. तो तिथे जगला कसा? पाऊस, साप, वाघ, वणवा, चोर यांच्यामध्ये त्याने निवारा कसा केला? याचा विचार आपण करीत नाही. आम्हीही केला नव्हता. आमच्यावर एकदा पाळी आली तेव्हा केला.

झाले असे. श्रावणातल्या एका रविवारी आम्ही वस्तीतली बावीस मुले घेऊन कान्हेरी लेण्यांवर गेलो. आम्ही मोठे सहा जण. वंदना झाली, डबे खाल्ले, लेणी बघितली. परतताना आमच्यातल्या एकाला जवळची वाट सापडली म्हणे! त्या वाटेने उतरलो तो एका ओहोळात. वरून पाऊस, खाली निसरडे. पाणी पिऊन संपलेले, काडेपेटी भिजलेली, आणि उगवत कुठली नि मावळत कुठली हे सहापैकी एकालाही सांगता येईना, कारण सूर्यच नव्हता. लहान मुले रडायला लागली. बिबट्याचे नाव कोणी काढू नका, असे आम्ही खुणेने एकमेकांना सांगत होतो. शेवटी एक म्हातारे वारली बाबा मोळी घेऊन जाताना भेटले. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “एवढी पोरं घेऊन रानात आलात, आन् हातात साधी काठीबी नाय?” त्यांनी वाटेला लावून दिले. आम्ही मान खाली घालून घरी आलो.

पुढे काही महिन्यांनी विनयपिटकातला चुल्लवग्ग वाचताना एक गोष्ट समोर आली आणि आम्हाला त्या बाबांचे शब्द आठवले. ती गोष्ट अशी.

चोरांनी घेतलेली परीक्षा

काही भिक्खू अरण्यात राहत होते. त्यांच्याकडे चोर आले. चोरांनी विचारले, भंते, प्यायला पाणी आहे का? नाही. हातपाय धुवायला पाणी? नाही. अग्नी आहे? नाही. अग्नी पाडायची अरणीची लाकडे? नाहीत. आज नक्षत्र कोणते? माहीत नाही. ही दिशा कोणती? माहीत नाही. तेव्हा चोर म्हणाले, यांच्याकडे पाणी नाही, अग्नी नाही, यांना नक्षत्र कळत नाही, दिशा कळत नाही. हे भिक्खू नव्हेत, हेच चोर असले पाहिजेत! असे म्हणून त्यांनी भिक्खूंना चोप दिला आणि निघून गेले.

गोष्ट भगवंतांच्या कानावर गेली. भगवंतांनी अरण्यवासी भिक्खूंची कर्तव्ये घालून दिली. पिण्याचे पाणी भरून ठेवावे. वापरायचे पाणी भरून ठेवावे. अग्नी राखावा. अरणीचा जोड जवळ बाळगावा. काठी ठेवावी. नक्षत्रांची स्थाने, सगळी नाही तरी काही, शिकून घ्यावीत. दिशांचे ज्ञान असावे.

बंधु-भगिनींनो, ही यादी नीट बघा. यात मंत्र नाही, तंत्र नाही, ताईत नाही. रानात देव तुझे रक्षण करील असेही म्हटलेले नाही. पाणी, आग, काठी, तारे, दिशा. जो माणूस रानात राहणार त्याने रानाची विद्या शिकलीच पाहिजे, नुसते ध्यान करून भागणार नाही, हा त्याचा सरळ अर्थ. दुसरी गोष्ट. पाणी आणि अग्नी स्वतःपुरते नव्हते. दारी आलेल्याला ते देता आले पाहिजेत, मग तो चोर का असेना.

झाडाखालून कुटीकडे

संघात येणाऱ्याला चार आधार सांगितले जात. भिक्षेचे अन्न, टाकलेल्या चिंध्यांचे चीवर, झाडाखालची जागा आणि गोमूत्राचे औषध. म्हणजे निवारा म्हणून मूळ हक्क झाडाच्या बुंध्याचा. चुल्लवग्गात आहे की आरंभी भिक्खू रानात, झाडाखाली, डोंगरावर, दरीत, गुहेत, स्मशानात, उघड्यावर आणि पेंढ्याच्या ढिगावर राहत. पेंढ्याचा ढीग वाचून शहरातल्या मुलांना हसू येईल. पण थंडीच्या रात्री पेंढ्यात शिरून झोपलेल्या कोणाही गावकऱ्याला त्याची ऊब विचारा.

राजगृहाच्या एका श्रेष्ठीने सकाळी या ठिकाणांहून शांतपणे बाहेर पडणारे भिक्खू बघितले आणि विचारले, मी तुमच्यासाठी निवारे बांधले तर चालेल का? भगवंतांनी पाच प्रकारच्या निवाऱ्यांना परवानगी दिली. विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. श्रेष्ठीने एका दिवसात साठ निवारे उभे केले! एका दिवसात साठ, यावरूनच समजते की ते वाडे नव्हते. बांबू, गवत, पाने यांच्या साध्या झोपड्या असणार.

या निवाऱ्यांना पालीत ‘लेण’ म्हटले आहे. लेण म्हणजे आसरा. आपण मराठीत लेणी म्हणतो तो हाच शब्द. लेणे म्हणजे नुसते कोरीव काम नव्हे. लेणे म्हणजे पाऊस-वाऱ्यापासून आसरा.

पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहावे, हा वर्षावासाचा नियम आपल्याला माहीत आहे. पण कुठे राहू नये हेही महावग्गात सांगितले आहे. झाडाच्या ढोलीत राहू नये, फांद्यांच्या बेचक्यात राहू नये, उघड्यावर राहू नये, प्रेते ठेवण्याच्या खोपीत राहू नये, छत्रीखाली राहू नये. लोकांनी यातले प्रकार करून बघितले असणार, म्हणून तर बंदी आली. उलट गवळ्यांच्या तळावर, व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर किंवा नावेतसुद्धा वर्षावास करायला मुभा होती. आणि जिथे वर्षावास धरला तिथे श्वापदांचा, सापांचा, चोरांचा उपद्रव झाला, तर ती जागा सोडून जाण्यात दोष नव्हता. नियम माणसासाठी होता, माणूस नियमासाठी नव्हता.

अडचण आली की उपाय

चुल्लवग्गातले निवाऱ्याचे प्रकरण वाचताना आम्हाला आमच्या खात्यातले जुने जॉबर आठवले. साचा अडला की ते कोणाला शिव्या देत बसत नसत, आधी कुठे अडला ते बघत. इथेही तसेच आहे. गवताच्या छपरातून कचरा अंगावर पडतो? मग छपराला आतून-बाहेरून लिंपून घ्या. पाणी आत शिरते? मग विटांचा, दगडांचा किंवा लाकडाचा चौथरा करून वर बांधा. चौथऱ्यावर चढता येत नाही? पायऱ्या करा. चढताना पडतात? कठडा लावा. जमिनीलगतच्या खाटेवर झोपलेल्या भिक्खूला साप चावला, तेव्हा खाटेच्या पायांखाली ठोकळे द्यायला सांगितले, पण आठ बोटांपेक्षा उंच नाहीत. छपरातून साप एकाच्या खांद्यावर पडला, तेव्हा वर कापडाचे छत बांधायला परवानगी दिली. छपरासाठी पाच वस्तू सांगितल्या. विटा, दगड, चुना, गवत आणि पाने.

अग्नीचेही तसेच. थंडीत भिक्खूंनी एक पोकळ ओंडका पेटवून शेक घेतला. आतला काळा साप तापून बाहेर आला आणि भिक्खूंच्या अंगावर धावला. म्हणून विनाकारण, नुसत्या उबेसाठी शेकोटी पेटवू नये असा नियम झाला. आजारी असेल किंवा खरोखरीचे कारण असेल तर चालेल. रानात हिंडणारा आजही सांगेल की पोकळ लाकूड आधी आपटून बघावे, मग पेटवावे. काही उनाड भिक्खूंनी रान पेटवले तेव्हा रान पेटवायला बंदी झाली. पण पुढे वणवा कुट्यांपर्यंत येऊ लागला, तेव्हा समोरून प्रतिअग्नी लावून वणवा अडवायला भगवंतांनी परवानगी दिली. पुढचे गवत आधीच जळून गेले की वणव्याला खायला काही उरत नाही. आजही जंगलखात्याचे लोक वणवा अडवायला ही युक्ती वापरतात.

झाडावर चढायलाही बंदी होती. कोसल देशात एका भिक्खूच्या वाटेत हत्ती आला. भिक्खू झाडाखाली धावला, पण नियम आठवून वर चढेना. नशिबाने हत्ती दुसरीकडे वळला. हे कळल्यावर भगवंतांनी सांगितले की काम असेल तर पुरुषभर उंच चढावे, आणि संकट असेल तर हवे तितके चढावे. बघा, किती व्यवहारी शास्ता होता आपला!

आणि पाण्याची गोष्ट तर प्रत्येक घरात सांगण्यासारखी आहे. दोन भिक्खू कोसलात प्रवास करीत होते. एकाने काही गैर केले, दुसऱ्याने त्याला टोकले. पहिल्याने तो राग मनात धरला. पुढे टोकणाऱ्याला तहान लागली. त्याच्याजवळ पाणी गाळायचे गाळणे नव्हते, म्हणून त्याने सोबत्याचे मागितले. सोबत्याने दिले नाही. न गाळलेले पाणी तो पिईना, आणि तहानेने त्याने प्राण सोडला. तेव्हा नियम झाला की गाळण्याशिवाय प्रवासाला निघू नये, मागितले तर गाळणे नाकारू नये, आणि तेही नसेल तर चीवराच्या कोपऱ्याने पाणी गाळून प्यावे. ज्यांना पाण्यासाठी महाडला जावे लागले, त्या लोकांना ही गोष्ट जास्त कळते. रानातली पहिली विद्या कोणती, तर पाणी ओळखणे. आणि पहिला धर्म कोणता, तर ते वाटून घेणे.

औषधांचीही यादी महावग्गात आहे. मुळांमध्ये हळद, आले, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा, नागरमोथा. पानांत कडुनिंब, कुडा, पडवळ, तुळस. फळांत वावडिंग, पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा, आवळा. आपल्या आज्यांच्या गाठोड्यातल्या वस्तू यापेक्षा निराळ्या नव्हत्या.

जागा कशी निवडावी

भिक्खूला स्वतः कुटी बांधायची असेल तर विनयात तिचे माप दिले आहे. आतून सुगताच्या वितीने बारा विती लांब, सात विती रुंद. अट्ठकथेत ही वीत मोठी धरली आहे, पण साधी वीत धरली तर नऊ फूट लांब आणि सव्वापाच फूट रुंद. म्हणजे आपल्या चाळीतल्या खोलीहूनही लहान!

जागा आधी इतर भिक्खूंना दाखवावी लागे. तिथे मुंग्या, वाळवी, उंदीर, साप, विंचू यांची वस्ती नको. हत्ती, वाघ, अस्वल यांचा वावर नको. कोणाचे शेत नको, वधाची जागा नको. आणि भोवती बैल जुंपलेली गाडी फिरेल एवढी मोकळी जागा हवी. आज कोणी रानात तंबू ठोकायला गेला तर जाणता माणूस त्याला याहून वेगळे काय सांगेल?

राजगृहाजवळ इसिगिलीच्या उतारावर धनिय नावाचा कुंभाराचा मुलगा भिक्खू होऊन राहत होता. त्याने गवत-काटक्यांची झोपडी केली. तो भिक्षेला गेला की गवत आणि लाकूडफाटा गोळा करणाऱ्या बाया ती मोडून नेत. तीनदा असे झाले. मग धनियाने आपली कुंभारकला लावून सगळी मातीची कुटी घडवली आणि गवत, लाकूड, शेणी रचून भट्टीसारखी भाजून काढली. लाल, देखणी, घंटेसारखी वाजणारी. भगवंतांनी ती मोडायला लावली. का? भाजताना किती लहान जीव मेले असतील, याचा विचार धनियाने केला नव्हता. कसब होते, करुणा विसरली होती. मोळी नेणाऱ्या बायांना मात्र त्या कथेत कोणी अपराधी म्हटलेले नाही. आमची आजी मोळी विकत असे, म्हणून आम्ही ही ओळ दोनदा वाचली.

सह्याद्रीत हीच विद्या

ही विद्या पुढे आपल्या सह्याद्रीत आली आणि दगडात उतरली. भाजे, कार्ले इथल्या चैत्यगृहांत वर बघा. छताला कमानीसारख्या लाकडी फासळ्या दिसतील. दगडाच्या छताला लाकडाचा आधार लागत नाही. पण कारागिरांच्या डोळ्यांपुढे लाकूड, बांबू आणि गवताचे मांडव होते, तोच आकार त्यांनी खडकात आणला. भाजे इथले खांबसुद्धा, लाकडी मांडवाचे असावेत तसे, आत कललेले आहेत.

कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. सगळे मूर्तींचे फोटो काढतात. आम्ही म्हणतो, पाण्याची टाकी बघा. लेण्यालेण्याशी टाके कोरलेले, खडकावरचा पाऊस पन्हळीने त्यात आणलेला. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे, आणि कल्याण, सोपाऱ्याच्या माणसांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. त्या ओहोळात आम्ही तहानेने कासावीस झालो, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी भरून ठेवलेल्या पाण्याची सोय आमच्या डोक्यावर, वरच्या खडकात होती!

आपले वाडवडील

आता कोणी विचारील, गिरणगावातल्या माणसाला हे रानातले कशाला?

आमचे आजोबा कोकणातल्या गावात गावकीची कामे करीत. रात्री टपाल पोचवायचे, वाटसरूला घाट ओलांडून द्यायचा, शिवेचा तंटा झाला तर शीव दाखवायची. त्यांना तारे बघून वेळ सांगता येई. भिजल्या दिवसांत ते चकमकीने आग पाडत. पळसाच्या पानांचे इरले करत. पण त्यांनी ही विद्या कोणाला हौसेने दाखवली नाही. ती विद्या वेठीबरोबर आली होती. गावाने त्यांना शिवेबाहेर ठेवले, म्हणून त्यांना रान माहीत होते. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाचा कायदा बदलण्याचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. वेठ गेली हे उत्तमच झाले. तिचे कोणी गोडवे गाऊ नयेत.

पण वेठीबरोबर आपण ज्ञानही टाकून दिले, हे आम्हाला ओहोळात कळले. ज्या गोष्टी येतात म्हणून आजोबांना लोक हलके समजत, त्याच गोष्टी भगवंतांनी अरण्यवासी भिक्खूची कर्तव्ये म्हणून सांगितल्या आहेत. म्हणजे ज्ञान हलके नव्हते. ते कोणाकडून सक्तीने करून घेतले, ते घेणारे हलके होते. हा फरक मुलांना सांगितला पाहिजे.

विनय मराठीत समजून घ्यायचा असेल तर गोव्यातील साखवळच्या धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांचे ऋण मानावे लागते. त्यांनी १९३७ साली परळला कामगारांच्या वस्तीत बहुजन विहार उभा केला. पोथी आणि गिरणी यांचा संबंध नाही असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

शेवटी आपल्या विहाराविषयी

हा विहार आपल्या वडीलधाऱ्यांनी उभा केला तेव्हा चार बांबू, वर पत्रे आणि पावसाळ्यात ताडपत्री एवढेच होते. बायांनी जमीन शेणाने सारवली. तोही एका अर्थी एका दिवसात बांधलेला निवाराच. आज स्लॅब आहे, पंखे आहेत, आनंद आहे. आता वर मजला चढवावा, खाली ग्रॅनाइट बसवावे असे काहींचे म्हणणे आहे. त्यासाठी वर्गणी गोळा करणाऱ्यांत आम्हीही होतो. मागच्या महिन्यात आम्ही जिना चढतोय असे दिसताच एका घरातला दिवा मालवला गेला. त्या घरातल्या कर्त्याची नोकरी गेली आहे, हे आम्हाला ठाऊक होते, तरी आम्ही कडी वाजवली.

विनयात आळवी नगराची हकीकत आहे. तिथले भिक्खू स्वतःसाठी बिनमापाच्या कुट्या बांधू लागले आणि लोकांकडे सारखे मागू लागले. माणूस द्या, बैल द्या, गाडी द्या, कुऱ्हाड द्या, बांबू द्या, गवत द्या. शेवटी लोक भिक्खू दिसला की दार लावून घेत, वाट बदलत. गाईला पाहूनसुद्धा भिक्खू समजून पळत! महाकाश्यप भिक्षेला आले तेव्हा त्यांनाही हाच अनुभव आला. त्यातूनच बारा विती आणि सात वितींचे माप निघाले.

आम्हाला त्या विझलेल्या दिव्याशी आळवी नगर दिसले. म्हणून कमिटीपुढे आमची नम्र सूचना आहे. मजला चढवायचाच असेल तर चढवू, पण जो स्वखुशीने देईल त्याच्याच पैशाने, आणि दार लावून घेतलेल्या घरावर पुन्हा कडी वाजवायची नाही. दुसरे, वर्षावासात एकदा मुलांना कान्हेरीला न्यावे. प्रत्येकाकडे पाण्याची बाटली, मोठ्यांकडे काठी, दोरी, कोरडी राहील अशी काडेपेटी आणि बॅटरी. मुलांना दिशा आणि चार नक्षत्रे शिकवावीत. शिकवायला पाड्यावरच्या वारली बाबांना सन्मानाने बोलवावे आणि मुलांकडून त्यांना वंदन करवावे.

त्या घरी आम्ही परवा पुन्हा गेलो, पावतीपुस्तक न घेता. दार उघडले. ताईंनी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला.

जयभीम! नमो बुद्धाय!